झराईचं बाळंतपण

समोर हिरवं लुगडं पसरलेलं दिसतंय ना, त्याच्याखाली आमच्या पाणखोलची बाव आहे. बाव म्हणजे विहीर, झराईदेवीची. परवा नदीचं पाणी चढलं, देवळाच्या खालच्या पायरीला लागलं, आणि लगेच गावातल्या बायकांनी हे लुगडं बावीवर घातलं. आता दहा दिवस इथून थेंबभर पाणी कुणी काढणार नाही. गाभाऱ्यालाही पडदा आहे. तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण दर्शन काही व्हायचं नाही. आई बाळंतीण आहे.

हसा, हसा. सगळेच हसतात. पण हातात दिलंय ते पाणी आधी प्या. गरम आहे, त्यात शेपा आणि ओवा घातलाय, बाळंतिणीला देतात तसंच. या दिवसांत पाणखोलात पाहुण्याला दुसरं पाणी मिळत नाही. तहसीलदार येवो नाहीतर मंत्री येवो, वेशीवर राखेनं हात चोळायचे, पायावर गरम पाणी घ्यायचं आणि मगच आत यायचं. माझ्या कानाला हे फडकं का बांधलंय तेही तुम्ही विचारणारच. गावातले सगळे बाप्ये या दिवसांत कान बांधतात. मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाला बाळंतिणीसारखं कान बांधून बसवणारं दुसरं गाव सापडलं तर मला जरूर कळवा.

मी भानजी गावकरांच्या घराण्यातला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्टीत भानजी येणार आहेत आणि त्यांची चांगलीच फजिती होणार आहे. लोकांना वाटतं, हा आपल्या पूर्वजाचं झाकून सांगेल. झाकायचं कशाला? त्यांची फजिती झाली म्हणून तर गाव वाचलं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा राज्य कुणाचं होतं तेही कुणाला धड सांगता येत नाही. झराई ही झऱ्याची देवी. तिच्या पायाखालून झरा निघतो आणि तो या बावीत येतो. नदी ही तिची बहीण, असं आमच्याकडे मानतात. आम्ही नदीला न्हंय म्हणतो. दर पावसाळ्यात न्हंय चढते, देवळाच्या खालच्या पायरीला हात लावते आणि माघारी जाते. ही बहिणीबहिणींची भेट. भेट झाली की गाव नारळ घेऊन यायचं, न्हंयेची ओटी भरायचं आणि बावीचं पाणी तीर्थ म्हणून घरोघर न्यायचं. त्या तीर्थानं वर्षभर घरात दुखणं येत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. आणि खालच्या पायरीपर्यंतच्या भेटीनं बावीला होणार तरी काय? पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ राहायचं.

त्या वर्षी मात्र न्हंय पायरीवर थांबली नाही. वरून डोंगराचा लोंढा आणि खालून खाडीची भरती, दोन्ही एकदम. पाणी पायऱ्या चढलं, सभामंडपात शिरलं, बावीच्या कठड्यावरून आत उतरलं. खालच्या वाड्या तर पूर्ण बुडाल्या. गोठे, उकिरडे, परसाकडच्या जागा, मसणवट, सगळ्यावरून फिरून आलेलं ते पाणी. लोक गुरं ओढत टेकडीवर गेले, कुणी घराच्या माळ्यावर बसून राहिले. म्हणे खालचं गाव दिसतच नव्हतं, नुसते माडांचे शेंडे दिसत होते.

आणि पाणी ओसरलं तेव्हा गाव रडत बसलं नाही, नाचायला लागलं. इथं नीट लक्ष द्या, कारण ही चूक आमच्याच गावाला सुचू शकते. इतकी वर्षं जी बहीण पायरीवरून परत जायची, ती यंदा घरात येऊन राहून गेली. केवढा आनंद. ज्यांच्या भिंती पडल्या होत्या तेही म्हणाले, बहिणी पोटभर भेटल्या. चिखलातून ढोल काढले, पुसले, बडवले. पुढे भानजी गावकर, गावचे मुख्य मानकरी. त्यांच्यामागे सगळं गाव. आणि देवीचा पुजारी म्हादो गुरव बावीतून घागरीमागून घागर शेंदतोय आणि ओंजळी भरतोय. एरवी पळीभर तीर्थ घ्यायचे, त्या वर्षी तांबे भरभरून प्यायले. पोराबाळांना पाजलं. असं तीर्थ पुन्हा जन्मात मिळायचं नाही, असं जो तो म्हणत होता. काहींच्या बाबतीत ते खरं ठरलं.

दोन-चार दिवसांत वाखा आला. वाखा म्हणजे ढाळ आणि ओकारी एकदम. सकाळी पडलेली भिंत सावरणारा गडी दुपारपर्यंत भुईला लागायचा. डोळे खोल, आवाज बसलेला, पायांना गोळे. पहिली माणसं खालच्या वाडीत दगावली, मग वरच्या वाडीत. गावानं त्याला माहीत होतं ते सगळं केलं. देवीला गाऱ्हाणं घातलं, वेशीवर नारळ फोडले, आणि आजाऱ्याला तीर्थ पाजलं. घरात कुणी पडलं की घरचा माणूस घागर घेऊन बावीकडे धावायचा. आजार वाढला तसं तीर्थ वाढलं, तीर्थ वाढलं तसा आजार वाढला. धावत जाऊन माणसं काय आणत होती, कुणाच्या तोंडात घालत होती.

आता आवडूकडे या. आवडू म्हणजे म्हादो गुरवाची बायको. त्यांची एकुलती एक लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि भर पुरात, घराच्या माळ्यावर, बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपणाची शिस्त बायकांना सांगायला नको, पण तुमच्यातल्या बाप्यांना सांगतो. आम्ही दहा दिवस सुयेर पाळतो. त्या दहा दिवसांत बाळंतिणीला कच्चं पाणी द्यायचं नाही, उकळलेलंच द्यायचं. जेवण ताजं, चुलीवरून उतरलेलं. भांडी वेगळी, फडकी उकळत्या पाण्यातली, खोलीत शेगडी आणि धुरी. आत येणाऱ्यानं आधी हातपाय धुवायचे. आणि सुयेराच्या घरात देवाचं तीर्थ नेत नाहीत. येसू सासरच्या गोत्रातली, म्हणून म्हादोची पूजा काही सुटली नव्हती. पण उगाच शिवाशिव नको म्हणून तो घरी न येता देवळातच राहत होता. जेवणाचं पान तिथं, आणि प्यायला बावीचं पाणी.

एका सकाळी निरोप आला की म्हादो देवळाच्या ओवरीत आडवा पडलाय.

आवडू धावली. नवरा ओळखू येत नव्हता. तो तीर्थ मागत होता. तिनं बावीचा तांब्या उचलला, त्याच्या ओठाला लावला, आणि म्हणे तिचा हात तिथंच थांबला. घरी आपण आहोत, लेक आहे, नात आहे, मदतीला आलेली शेजारीण आहे. तिघी एका चुलीवरचं खातोपितो आणि चौघी धडधाकट आहोत. हा एकटा इथं राहिला आणि हाच पडला. काय वेगळं केलं यानं?

तिनं तांब्यातलं पाणी अंगणात ओतून दिलं. देवीचं तीर्थ, मातीत. बघणाऱ्यांनी पटापट गालांवर मारून घेतलं. मग तिनं नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि घराची वाट धरली.

म्हादो पाठीवरूनच कुरकुरायला लागला. "सुयेराच्या घरात नेतंस? मगे पूजा कोण करतलो?"

"आधी पूजा करणारो जगाक व्हयो," आवडू म्हणाली.

घरी येसूसाठी चढवलेली पेज होती. तिची वरची निवळ आवडूनं वाटीत घेतली, त्यात मिठाची कणी आणि गुळाचा खडा टाकला आणि चमच्याचमच्यानं पाजायला बसली. तो ओकला की पुन्हा पाजायची. शेजारणीला तसंच पाजत राहायला बसवलं आणि स्वतः पदर खोचून गावात निघाली. घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायची: तुमच्याकडे पाळणा हलतोय का? कुंभारवाडीत एक बाळंतीण होती, तिच्या घरातलं कुणी पडलं नव्हतं. शेजारच्या घरात दोन माणसं गेलेली. वरच्या वाडीत एक पाळणा होता, तिथंही सगळे उभे. भंडाऱ्यांच्या एका घरात बाळंतीण होती आणि तरी सासरा पडला होता. पण खोदून विचारल्यावर कळलं, म्हातारा लपूनछपून देवळात जाऊन तीर्थ पिऊन आला होता. तिला तिथं रडू फुटलं म्हणतात, आणि ते दुःखाचं नव्हतं. तिला आजाराची वाट सापडली होती.

तिथून ती तडक भानजी गावकरांच्या दारात.

"गावकरानू, ज्या घरात पाळणो हलता, थय वाखो नाय. बाकी सगळीकडे आसा. बावीचा पाणी बंद करा."

भानजी गावकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपल्या कणग्यांतलं भात गावाला वाटलं होतं, मेलेल्यांना खांदा दिला होता. पण हे ऐकून त्यांचा पारा चढला. "आवयच्या दुधाक कोण वायट म्हणता? परत असा बोललंस तर ह्या गावात रवाक मिळाचा नाय तुका. गुरवपण जायत ता वेगळा."

आवडू परत फिरली. आता तिची अवस्था बघा. घरात नवरा मरणाच्या दारात. बोलावं तर देवीची निंदा, घरादाराची हकालपट्टी, बाळंतीण लेकीसकट. गप्प बसावं तर गाव रोज दहनाला लाकडं शोधतंय. देवीचं पाणी वाईट आहे, हे या गावात कुणी कुणाचं ऐकून घेणार नव्हतं. तीही इथलीच. तिलाही ते म्हणताना जीभ जड झाली असणार.

दुसऱ्या दिवशी देवळात पूजा झाली नाही. गुरव घरात, सुयेरात. गाव खवळलं. भानजी पुढे, मागे घागरी घेतलेली माणसं, असा जमाव बावीवर आला. पहिल्यानं पोहरा सोडायला हात उचलला, तोच आवडू आली. नातीच्या बारशाला लेकीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं तिच्या खांद्यावर होतं. काय होतंय ते कळायच्या आत तिनं ते उलगडलं आणि बावीच्या तोंडावर टाकलं. एक टोक कठड्याला बांधलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसली.

"हात लावू नकात," ती म्हणाली. "आई बाळातीण झाली."

पोहरा सोडणाऱ्यानं हात मागे घेतला.

मग कुणीतरी म्हणालं, "झराई कुमारी. तिका बाळ खयसून येतला?"

"न्हंय भैण ना तिची?" आवडू म्हणाली. "दर वर्सा पायरीक हात लावन जाता. अवंदा घरात येवन रवली. भैणीकडे भैण रवाक कित्याक येता?"

मागून एक म्हातारी पुटपुटली, "बाळातपणाक." मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. बायकांच्या घोळक्यात तो शब्द भराभरा फिरला. खरंच की. बहीण मुक्कामाला आणखी कशाला येते? आणि अंधाऱ्या खोलीत, बंद दाराआड, कुणाला न कळता बाळंतपण उरकून गेलीसुद्धा.

आवडूनं त्यांना थांबू दिलं नाही. "आणि बाळातपणाचा धुणा-पुसणा न्हंयेन खय टाकला? ह्याच बावीत. ता तुम्ही तीर्थ म्हणान पितास."

हे बोलणं बरोबर पोटात गेलं. देवीला कुणी वाईट म्हटलं नव्हतं, बावीला कुणी वाईट म्हटलं नव्हतं. पण बाळंतपणाचं धुणं पोटात गेलंय म्हटल्यावर पुढच्या बाईनं भरायला आणलेली घागर तिथंच उपडी ठेवली. मग घागरीमागून घागरी उपड्या झाल्या. दोघीतिघी बाजूला जाऊन ओकल्या, त्या आजारानं नव्हेत.

भानजी मात्र हटेनात. इतक्या मोठ्या गोष्टीला आईची साक्ष हवी. कौल लावा, असं त्यांनी फर्मावलं. कौल लावणं म्हणजे फुलाच्या ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. म्हादोच्या चुलतभावानं आंघोळ करून कळ्या लावल्या. आई बाळंत झाली असशील तर उजवी दे, असं भानजींनी गाऱ्हाणं घातलं.

डावी पडली तर आवडूचं घर गेलं आणि लुगडं उचलून लोक पुन्हा पोहरा सोडणार. ती सभामंडपाच्या खांबाला धरून उभी होती. एक कळी हलली असं वाटलं, पण तो समईच्या उजेडाचा भास. बघता बघता कितीतरी वेळ गेला. उजवी पडेना, डावी पडेना. असं कधी झालं नव्हतं. कळ्या सुकायला आल्या तरी जागच्या जागी.

आमच्या खालच्या वाडीतले चावट लोक सांगतात, त्या चुलतभावाची बायको गरोदर होती, आणि तिच्या पोटात बावीचं पाणी जाऊ नये म्हणून त्यानं कळ्यांना पाण्याऐवजी फणसाचा चीक लावला होता. मी तिथं नव्हतो, मला विचारू नका.

आणि तेवढ्यात भानजी गावकरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी धोतराचा सोगा आवळला. एकदा उजव्या पायावर उभे राहिले, एकदा डाव्या. हात जोडलेले, डोळे देवीवर, आणि चेहरा पार पिळवटलेला. शेवटी काही इलाज चालेना. सगळ्या गावासमोर, कौल अर्धवट टाकून, गावचा पहिला मानकरी देवळाच्या मागे पळाला.

इतक्या दिवसांच्या सुतकात पहिल्यांदा कुणाला तरी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. रडवेली माणसं पोट धरून हसली. त्या हसण्यात आवडूचा आवाज चढला. "सुयेरात देव कौल देता काय, गावकरानू?"

बरोबरच होतं. बाळंतीण कौल देत नाही, म्हणून कळ्या पडल्या नाहीत. गप्प बसणं हीच आईची साक्ष. लोकांनी हात जोडले आणि भानजींना उचलून आवडूच्या घरी नेलं, कारण पेज तिथं तयार होती.

आता खरी गंमत ऐका. आई बाळंतीण, म्हणजे सगळं गाव तिचं घर, म्हणजे सगळ्या गावाला सुयेर. आणि सुयेरात काय करायचं हे कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही. बावीला हात नाही. डोंगरातल्या वहाळाचं आणि पागोळ्यांचं पाणी आणायचं, तेही उकळूनच. अन्न चुलीवरून थेट पानात. उंबऱ्यावर राख आणि गरम पाणी. आजाऱ्याची फडकी उकळायची. परसाकडला बावीपासून आणि वहाळापासून लांब जायचं, खड्डा खणायचा, वर माती ओढायची, बाळंतिणीच्या अंगणात घाण करतो कोण? एका घरातून दुसऱ्या घरात उगाच जायचं नाही. बाप्यांनाही शेपाचं पाणी आणि कानाला फडकं. कुणी कुरकुर केली की बायको म्हणायची, आईपेक्षा तू मोठा काय? दोन दिवसांत गावाची घडी बसली. पाटलाच्या हुकमानं जे जमलं नसतं ते चुलीपाशी बसून झालं.

पण चूल पेटायला लाकूड लागतं. पुरात लाकूडफाटा भिजून गेलेला, शेणी वाहून गेलेल्या. आधी लोकांनी खाटांचे पाय जाळले, पाट जाळले, दारं जाळली. मग तेही संपलं. ओल्या लाकडांचा नुसता धूर व्हायचा, पाण्याला आधण येईना. माणसं कंटाळली. आजच्या दिवस कोमटच पिऊ, असं एकेका घरातून ऐकू यायला लागलं. आणि कुणी कोमट पिऊन पडलं की सगळं मुसळ केरात.

गावात कोरडं लाकूड एकाच ठिकाणी होतं. देवळाच्या तुळयांना उंच टांगलेली झराईची पालखी. जुन्या सागाची, कोरीव, आणि तिचा पहिला खांदा गावकरांचा. पिढ्यानपिढ्यांचा मान. त्या मानासाठी आमच्या घराण्यात भाऊ भावाशी बोलेनासे व्हायचे म्हणे.

आवडू भानजींच्या अंथरुणापाशी गेली. चमच्याचमच्यानं पेज पिऊन ते नुकते उशीला टेकून बसायला लागले होते. ती तिथंच उभी राहिली. म्हादोही अजून धड सावरला नव्हता. चुली विझल्या तर सगळ्यात आधी हेच लोक जाणार, हे तिला दिसत होतं. भानजींनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग विझत आलेल्या चुलीकडे बघितलं.

"पालखी?" त्यांनी विचारलं.

तिनं होय म्हणून मान हलवली.

भानजींनी उशीवरून पाठ उचलली. मग म्हणाले, "आई काय सुयेरात पालखीत बसान मिरवतली? मोडा ती."

आणि पहिला घाव मीच घालणार, म्हणून हट्ट धरला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून देवळात आले. कुऱ्हाड उचलली, पण अंगात ताकद कुठली? पातं जेमतेम लाकडात रुतलं आणि ते स्वतः खाली बसले. कुणी हसलं नाही. बसल्या बसल्या त्यांनी पालखीच्या दांडीला कपाळ लावलं. मग बाकीच्यांनी पालखी फोडली आणि ढलपी वाटून घेतली, घरटी एक ओंजळ. ओल्या लाकडाखाली सागाची ढलपी पडली आणि गावभर चुली भडभडून पेटल्या. त्या दिवशी पाणखोलात घरोघरी पाण्याला आधण आलं. देवीच्या पालखीनं आणलेलं.

त्यानंतर नवं माणूस पडायचं थांबलं. पडलेले काही गेले, पण पुष्कळ उठले. म्हादो भिंतीला धरून चालायला लागला. दहा दिवस भरल्यावर आईचं न्हाणं घातलं. म्हणजे लुगडं काढून बाव पार उपसली, भिंती घासल्या, गाळ काढला आणि चुन्याची पोती ओतली. नव्या पाण्यात तळ दिसला तेव्हा बायकांनी आनंदानं ओव्या म्हटल्या.

मग आलं बारसं. लोकांनी पालखीची उरलेली दांडी तुळईला बांधली आणि तिला पाळणा टांगला. पण पाळण्यात ठेवायचं काय? आदल्या दिवशी घरी, दुसरं कुणी नसताना, म्हादोनं बायकोला विचारलं होतं, "खरा सांग. आई बाळातीण झाली होती?"

आवडू नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. ती म्हणाली, "इतकी माणसा नव्यान जल्माक इली, ती मगे कोणाची?"

म्हादोनं तेच धरलं. बारशाच्या दिवशी त्यानं पाळण्यात काहीच ठेवलं नाही. वाख्यातून उठलेल्या एकेका माणसाला पुढे बोलावलं. पाळण्यावर वाकायचं आणि कान पुढे करायचा. बाप नाही म्हणून आत्या नाही, तेव्हा नाव मावशीनं ठेवायचं, आणि गावातली कुठलीही बाई मावशी. पहिले भानजी. एवढ्या मिशांचा माणूस पाळण्यावर वाकला आणि आवडूनं त्यांच्या कानात कुर्र करून म्हटलं, भानजी. ते तसेच वाकून राहिले, त्यांना उठवावं लागलं. मग म्हादो, मग भंडाऱ्यांचा तो लपून तीर्थ पिणारा म्हातारा, मग पोरंबाळं. शेवटी एक बाई रिकाम्या हातांनी आली. तिचा मुलगा गेला होता. तिनं पाळण्यात तोंड घालून त्याचं नाव घेतलं. तिला कुणी अडवलं नाही.

झराईला नवी पालखी करायची असं पुढे कितीदा ठरलं. दरवेळी गावकरांच्याच घरातून नको म्हणाले. आजही आमच्या देवीला पालखी नाही. आजही न्हंय पायरीला लागली की दुसऱ्या कुणाच्या हुकमाची वाट न बघता बावीवर लुगडं पडतं आणि घराघरांत हंडे चढतात. आता आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येतात, न्हाणाच्या दिवशी बावीत पावडर टाकतात, आणि बाळंतपण करायला आलेली बहीण म्हणून बायका पहिली ओटी त्यांची भरतात. आणि आजही बाराव्या दिवशी पाळणा टांगतात. वर्षभरात जो कुणी मोठ्या दुखण्यातून उठला असेल त्याचं नाव नव्यानं घेतात. गेल्या पावसाळ्यात मला लेप्टोचा ताप आला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी नातवंडांचा आजोबा, चारचौघांत पाळण्यावर वाकलो. माझ्या सुनेनं कानात माझं नाव घेतलं, आणि मी लहान मुलासारखा रडलो.

बारसं यायला अजून दिवस आहेत. तुम्ही तोवर थांबणार नाही, ठाऊक आहे मला. पण तुमच्यातलं किंवा तुमच्या घरातलं कुणी यंदा मरणाच्या दारातून परत आलं असेल, तर जाताना नाव तेवढं सांगून जा. आमच्या बायका घेतील.